जुन्या रूल्सने डी अँड डी खेळताय? या चुका टाळा

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कॅरॅक्टर बनवून फासे टाकत खेळायचा गेम. त्याची नवी फिफ्थ एडिशन दोन-तीन वर्षं खेळलेला ग्रुप हौसेने १९८१ च्या बेसिक-एक्सपर्ट या जुन्या रूल्सकडे वळतो, नाहीतर तेच रूल्स नीट लावून २०१९ ला आलेलं ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स घेतो, पहिल्याच सेशनला चारातले तीन कॅरॅक्टर मरतात आणि पुस्तक कपाटात जातं. आमच्याकडे हेच झालं होतं आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) मीच होतो. नंतर पुस्तक परत शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की शून्य एचपीला (हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार झेपतो तो आकडा) मरण हा रूल मी बरोब्बर घेतला होता, पण त्या मरणापासून वाचवणारे रूल्स सगळे गाळले होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिअ‍ॅक्शन रोल न करणं, म्हणजे समोरचे कसे वागतील हे फाशांवर न ठरवणं. मॉन्स्टर दिसला की लगेच इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोण आधी हे ठरवायचा रोल, ही सवय नव्या एडिशनची. जुन्यात आधी दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे आणि थेट हल्ला फक्त २ आले तरच, म्हणजे छत्तीसात एकदा, ३ ते ५ ला ते खवळलेले असतात, पण बाकी वेळा बोलायला, घाबरवायला, चक्क लाच द्यायला भरपूर जागा असते. मोरालचंही, म्हणजे मॉन्स्टर लढाईत किती तग धरतात त्या आकड्याचंही, तसंच. पुस्तकात तो ऐच्छिक लिहिलाय म्हणून लोक सोडून देतात, प्लीज सोडू नका. गॉब्लिनचा मोराल ७, त्यांच्यातला पहिला पडला की दोन फासे टाकायचे, ७ च्या वर गेलं की ते पळतात किंवा शरण येतात, आणि हे जवळपास शंभरात बेचाळीस वेळा होतं. हे दोन रोल नसले की प्रत्येक भेट शेवटच्या माणसापर्यंतची मारामारी होते आणि चार एचपीवाला मॅजिक-यूजर (जादूगार) त्यात टिकणार कसा?

दुसरी चूक एक्सपीची, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या पॉइंट्सची. इथे एक गॉब्लिन मारून ५ एक्सपी मिळतात, तेही सगळ्यांत वाटून, आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात. २०१४ च्या फिफ्थमध्ये तोच गॉब्लिन ५० चा आणि दुसरी लेव्हल ३०० ला. म्हणजे जुना गेम सरळ सांगतोय की लढू नका, खजिना बाहेर काढा, कारण सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी आहे. डीएमने खजिना कंजूषपणे ठेवला तर प्लेयर्सना लढण्याशिवाय पर्यायच उरत नाही, मग ते मरतात, आणि यात त्यांची काही चूक नसते.

टॉर्च सहा टर्न, म्हणजे गेममधला एक तास, जळते, दर दोन टर्नला भटक्या मॉन्स्टरसाठी एक फासा. एवढं कागदावर लिहीत चला, पुरेसं आहे.

ट्रॅप शोधताना "परसेप्शन टाकू का?" असं विचारलं जातं, म्हणजे नजरेच्या स्किलवर फासा टाकू का. पहिल्या लेव्हलच्या थीफला ट्रॅप सापडायचा चान्स फक्त १० टक्के आहे, त्या आकड्यावर अख्खा ग्रुप सोडू नका. दहा फुटी काठीने जमीन ठोकली, फरशीवर पाणी ओतून ते कुठे मुरतं बघितलं, तर डीएमने रोल न मागता उत्तर द्यावं. आणि खोलीचं वर्णन करताना हात आखडता घेऊ नये, कारण प्लेयरला जे दिसतं त्यावरच तो डोकं चालवणार.

आता उलटी चूक, जी मला जास्त खटकते. ओल्ड-स्कूलच्या प्रेमात पडलेला डीएम फिफ्थ चालवताना पण "स्किल राहू दे, कसं करतोस ते सांग" म्हणतो. पण त्या प्लेयरने आपल्या रोग (Rogue, चोरटं कॅरॅक्टर) साठी इन्व्हेस्टिगेशन या शोध घ्यायच्या स्किलमध्ये एक्सपर्टाइज (खास प्रावीण्य) घेतलंय, लेव्हलची एक निवड तिथे खर्च केलीय, ती तुम्ही फुकट घालवता. फिफ्थमध्ये कॅरॅक्टर शीटवरचा आकडा हे त्या प्लेयरला दिलेलं वचन असतं. डेथ सेव्ह, म्हणजे शून्य एचपीला जगायची संधी देणारे रोल, काढून टाकून शून्याला मारणंही तसंच, तिथे कॅरॅक्टर बनवायला तास-दोन तास जातात. जुन्यात दहा मिनिटांत नवा तयार होतो, म्हणून तिथे मरण झेपतं. पहिल्या सेशनला प्रत्येकाकडून दोन-दोन कॅरॅक्टर बनवून घ्या, दुसरा बाहेर तळावर घोडे सांभाळत बसलेला असू दे.