जुनं बिटकॉइन वॉलेट परत उघडायचंय?

माझा २०१७ चा सीड, म्हणजे वॉलेट परत उघडायचे बारा गुप्त शब्द, साखर पेठेतल्या घरी चादरींच्या घडीत सापडला, कागदावर शेंगा चटणीच्या तेलाचा डाग, बारापैकी दोन शब्द पुसट. घाबरायचं नाही बे, हे शब्द ज्यातून निवडतात त्या बीआयपी ३९ नावाच्या ठरलेल्या यादीत २०४८ च शब्द असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द पक्का ओळखता येतो. पण रिस्टोअर जुन्याच ॲपमध्ये करा, इलेक्ट्रम या वॉलेट ॲपचा सीड वेगळ्या पद्धतीचा असतो, दुसरीकडे टाकला की चुकीचा म्हणतं आणि माणूस उगाच रडत बसतो. सीड कुणालाच सांगू नका, टेलिग्रामवरच्या सपोर्टवाल्याला तर नाहीच नाही. उघडलं की नवीन वॉलेट बनवा, नवा सीड कागदावर लिहा, आधी थोडेच बिटकॉइन तिकडे पाठवून बघा, पोचले की मग बाकीचे. विकलं तर नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, तेवढे बाजूला काढा.