गेम घेतलात? पहिल्या दोन तासांत नेट बंद करून बघा

मागच्या गणपतीत गावी जाताना लॅपटॉपवर 70 जीबीचा गेम उतरवून नेला होता, एकट्याने खेळायचा, स्टोरीवाला, मल्टिप्लेअरची काही भानगडच नाही. गावी पाऊस, लाईट येऊन जाऊन, रेंज पाहिजे तर विहिरीपाशी जाऊन उभं राहायचं. आरती झाली, पोरं भोवती जमली, म्हटलं चला दाखवतो, तर स्क्रीनवर मेसेज: सर्व्हरशी संपर्क होत नाहीये. अडीच हजार मोजलेला गेम पाच दिवस बंद. वर चुलतभाऊ म्हणतो, दादा माझा क्रॅकवाला (कुलूप तोडलेला, फुकटचा) चालतोय की. काय बोलणार त्याला.

तेव्हापासून गेम घ्यायची माझी एक पद्धत ठरलीये, तीच सांगतो.

आधी स्टोअरचं पान नीट बघायचं. ट्रेलर नाही, उजवीकडचा कॉलम. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या मोठ्या ऑनलाईन दुकानात, तिथे छोट्या चौकटीत लिहिलेलं असतं की थर्ड पार्टी अकाउंट (दुसऱ्या कंपनीचं वेगळं खातं) लागेल, किंवा डेनुवो (कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) आहे, किंवा एका दिवसात पाचच पीसीवर अ‍ॅक्टिव्हेट होईल. आपण सगळे सेलचा टक्का बघून खाली जातो आणि ही चौकट राहून जाते. सिस्टिम रिक्वायरमेंट्सच्या तळाशी इंटरनेट लागेल असं लिहिलंय का तेही बघा. शंका असेल तर पीसीगेमिंगविकीवर गेमचं नाव टाका, कुठल्या दुकानातल्या कॉपीला कुठलं कुलूप आहे हे तिथे वेगवेगळं दिलेलं असतं, कारण एकच गेम एका दुकानात कुलूपवाला आणि दुसरीकडे मोकळा असं पण असतं.

मग घेतल्यावर मुख्य काम. स्टीमवर रिफंड मिळतो तो घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ 2 तासांपेक्षा कमी असेल तर. एपिक या दुसऱ्या ऑनलाईन दुकानातही साधारण हाच हिशोब. हे दोन तास लोक कॅरेक्टरचे केस आणि मिशा निवडण्यात घालवतात. तसं करू नका. गेम एकदा नेटवर चालू करा, मेन्यूपर्यंत जा, बंद करा, मग स्टीमच्या मेन्यूतून ऑफलाईन मोडला जा, वायफाय पण बंद करा, आणि परत चालू करून बघा, सेव्ह होतोय का, लोड होतोय का. अडकला तर लगेच रिफंड टाका, कारण विचारलं तर जे झालं ते लिहा. एक गोम आहे, कंपनीचा स्वतःचा लाँचर (गेम चालू करून देणारा वेगळा प्रोग्राम) मध्ये उघडून तो अर्धा तास अपडेट होत बसला तरी स्टीमचं घड्याळ चालूच असतं, तेव्हा तसं दिसलं की बाहेर या आणि ती अपडेट वेगळी उरका. आणि आज ऑफलाईन चालला म्हणजे कायमचा चालेल असंही नाही, मोठी अपडेट आली किंवा विंडोज नवीन टाकलं की कुलूप परत एकदा नेट मागू शकतं. गावी जायच्या आदल्या रात्री परत चालू करून बघायचं ते यासाठी.

लिनक्स किंवा स्टीम डेकवाल्यांनी (स्टीमचा हातात धरून खेळायचा पीसी) जास्त जपायचं. डेनुवोवाल्या गेमला प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) व्हर्जन बदलली की त्याला वाटतं पीसीच बदलला, असं चार-पाच वेळा केलंत की दिवसभर स्वतःच्याच गेमच्या बाहेर.

आता कोणी म्हणेल एवढं कशाला, नेट तर सगळीकडे आहे. तर द क्रू बघा. यूबीसॉफ्ट कंपनीचा गाड्यांचा गेम, 2014 चा, अख्खी अमेरिका फिरायची. एकट्यालाही खेळता यायचा पण सर्व्हर लागायचाच. डिसेंबर 2023 मध्ये विक्री थांबवली, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद, आणि नंतर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सच काढून घेतलं. ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्याकडे उरला चहाच्या कपाखाली ठेवायचा कोस्टर. यावरूनच रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणारी मोहीम सुरू केली, युरोपातल्या अर्जाला जुलै 2025 मध्ये 10 लाखांवर सह्या झाल्या. (जर्मनीतला माझा मित्र पण सही करायला गेला होता, पण युरोपियन युनियनचं नागरिकत्व लागतं म्हणून राहिली.) आणि ओरडून काही होत नाही असं नाही, यूबीसॉफ्टने नंतर द क्रू 2 ला ऑफलाईन मोड द्यायचं जाहीर केलं. 2013 ला एक्सबॉक्स वन या कन्सोलला दर 24 तासांनी नेट चेक आणि सेकंडहँड डिस्कवर बंधनं येणार होती, लोकांनी एवढं झोडलं की मायक्रोसॉफ्टने बाजारात यायच्या आधीच ते मागे घेतलं.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे की दुकानाने स्पष्ट सांगायचं, तुम्ही गेम नाही, लायसन्स घेताय. स्टीमच्या कार्टमध्ये ती ओळ ऑक्टोबर 2024 पासून दिसायला लागली. आपल्यालाही दिसते, वाचतं कोण.

म्हणून जो गेम जिवाभावाचा आहे तो जीओजी या कुलूप न लावणाऱ्या ऑनलाईन दुकानात मिळतोय का बघा. तिथे इन्स्टॉलरची फाईल उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येते, लॉगिन नको, लाँचर नको, आणि रिफंड 30 दिवस. फक्त ती फाईल खरंच उतरवून ठेवा, अकाउंटमध्ये आहे म्हणून निवांत बसलात तर मग जीओजीचा फायदा काय. अर्थात नवे मोठे गेम तिथे लवकर येत नाहीत, पण मला तसंही दोन वर्षं थांबून सेलमध्येच घ्यायचे असतात.

कन्सोलवाल्यांनी डिजिटल घेताना दहा वेळा विचार करा. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू केला की गेममध्ये दोष असल्याशिवाय रिफंड नाही, म्हणजे वरची दोन तासांची युक्ती तिथे चालतच नाही. आणि डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस5 (प्लेस्टेशन 5) घेतलात तर लॅमिंग्टन रोडवरून जुनी डिस्क आणायची, खेळायची, परत विकायची ही सगळी मजा गेली. डिस्क घेतानाही बॉक्सच्या मागचं बारीक अक्षर वाचा, कधी आत नुसता कोड असतो आणि तो एकदा वापरला की बॉक्स रद्दी. निन्टेंडोच्या स्विच 2 या कन्सोलच्या गेम-की कार्डवर तर गेम नसतोच, तो उतरवून घ्यायचा आणि वर खेळताना कार्डही घालून ठेवायचं, निदान ते विकता तरी येतं.

अमेरिकेतल्या भावाला इथल्या स्वस्त भावात गेम गिफ्ट करायचा प्लॅन असेल तर सोडून द्या, दोन देशांच्या किमतीत फार फरक असला की स्टीम गिफ्ट जाऊच देत नाही. व्हीपीएन लावून देश बदलायच्या नादात अकाउंट गोत्यात येतं ते वेगळं.

एवढं करूनही फसलात तर बिल, स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि एररचा फोटो हे तिन्ही त्याच दिवशी काढून ठेवा, पान नंतर बदलतं. आधी सपोर्टला लेखी, मग ग्राहक हेल्पलाईन 1915. 2019 च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. परदेशी कंपनीशी दोन हजारांसाठी भांडायला कोणी जाईल असं मला वाटत नाही, पण वापरलेला कोड नवा म्हणून गळ्यात मारणाऱ्या इथल्या दुकानदाराला 1915 चं नाव काढलं की बऱ्याचदा तिथेच पैसे आठवतात.