पोरं हलत नाहीत म्हणता? आधी या चुका बंद करा

गेली सहा वर्षं मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागच्या मोकळ्या तुकड्यात रोज संध्याकाळी पोरांना खेळवते. क्लास नाही, फी नाही, मी कोचबिच पण नाही, शाळेत खो-खो खेळायचे तेवढंच भांडवल. पण एवढ्या वर्षांत एक कळलं, पोरांना हलायचंच असतं, घोळ आपण मोठे घालतो. आणि दर जूनला नवे आईबाप येतात आणि तेच जुने घोळ नव्या उत्साहाने घालतात. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

क्लास लावला म्हणजे पोरगं खेळलं असं समजणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. मोठा सात वर्षांचा असताना त्याला क्रिकेट अकॅडमीत घातलं. किट, पांढरे कपडे, स्पाइकवाले बूट, तीन महिन्यांची फी एकदम, दिवाळीचा बोनस तिथेच संपला. पहिले दोन महिने मी त्याला सोडायचे आणि बाहेर कठड्यावर बसून मोबाईल बघायचे, सगळेच बघतात. एक दिवस बॅटरी गेली आणि नाइलाजाने पोराकडे बघत बसावं लागलं. दीड तासाची बॅच, चाळीसेक पोरं, नेट दोन. सुरुवातीला मैदानाला एक राऊंड, मग लाईन लावून हातपाय हलवणं, मग पॅड बांधायला रांग, मग नेटसाठी रांग, नेटमध्ये सहा बॉल मिळाले त्यातले दोन याच्या डोक्यावरून गेले. नंतर फिल्डिंगला बाउंड्रीवर उभा, तिथे एकही बॉल आला नाही, हा बसून गवत उपटत होता. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होते, पाय खरोखर हलले ती मिनिटं मोजली तर जेमतेम अकरा भरली.

खरी गंमत पुढे आहे. क्लासहून आला की "आज क्रिकेट झालंय ना, दमलाय" म्हणून आम्ही त्याला संध्याकाळी खाली सोडायचो नाही, वर भूक लागली म्हणून वडापाव. म्हणजे फुकटचं दीड-दोन तासांचं हुंदडणं बंद करून पैसे भरून अकरा मिनिटं विकत घेतली.

क्लास वाईट असं म्हणत नाहीये मी. एखाद्याला क्रिकेट शिकायचंच असेल तर शिकू दे की. पण ते शिक्षण झालं, रोजचं खेळणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय ते ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडं आणि स्नायू बळकट होतील असं काहीतरी, म्हणजे उड्या, चढणं, लोंबकळणं. ६० मिनिटं हलायची आहेत, मैदानावर हजेरी लावायची नाहीत. आणि सलग पण लागत नाहीत, शाळेच्या सुट्टीतली पंधरा, खाली अर्धा तास, दुकानात चालत जाऊन येणं, सगळं धरायचं.

माझी सवय सांगते. खेळणाऱ्या पोराला मधेच थांबवून काहीतरी विचारायचं. बोलता येतंय पण गाणं म्हणायला सांगितलं तर धाप लागते, म्हणजे बरं चाललंय. आख्खं गाणं आरामात म्हणून दाखवलं तर ते नुसतं उभं होतं. ज्यांना क्लास लावायचाच आहे त्यांनी आधी एक दिवस मोबाईल खिशात ठेवून पूर्ण बॅच बघा, मग फी भरा.

आऊट झाला की बस

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो आणि ती शाळेतसुद्धा सर्रास होते. डॉजबॉल घ्या, संगीत खुर्ची घ्या, पहिल्यांदा कोण बाद होतं? जे पोरगं जाड आहे, हळू आहे, लाजाळू आहे ते. म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात आधी कडेला बसतं आणि जे पोरगं तसंही दिवसभर माकडासारखं उड्या मारतं ते शेवटपर्यंत खेळतं. असं महिनाभर झालं की ते बसलेलं पोरगं म्हणतं मला खेळायला आवडत नाही, आणि आपण म्हणतो बघा, याला आवडच नाही!

यावर उपाय आपल्या जुन्या खेळांतच आहे. साखळीत जो पकडला जातो तो साखळीत येतो, बसत नाही, उलट तो आला की साखळी लांब होते आणि मजा वाढते. विषामृतात "विष" मिळालेला पुतळा होतो आणि कुणीतरी हात लावून "अमृत" दिलं की परत सुटतो, त्यामुळे हळू पोरांना सोडवायला बाकीचे जीव तोडून पळतात. डॉजबॉलच खेळायचा असेल तर मी आऊट झालेल्याला कडेने बॉल मारायला लावते, बसायला देत नाही. लंगडीत मात्र पाय बदलायची मुभा द्या नाहीतर लहान पोरं दोन मिनिटांत रडकुंडीला येतात. नियमांवरून मोठी पोरं माझ्याशी भांडतात, भांडू देत.

बाकीच्या चुका भराभर.

शिक्षा म्हणून पळवणं. गृहपाठ नाही केला, मार वीस उठाबशा. मग त्याच पोराने रविवारी हौसेने व्यायाम करावा अशी अपेक्षा कशी करता हो?

स्टेप मोजायचं घड्याळ. आमच्या इथल्या एका बाबांनी रोज दहा हजार स्टेपचं टार्गेट दिलं आणि पूर्ण झाल्या तर जास्तीचा मोबाईल. आठवडाभर टार्गेट पूर्ण, बाबा खूश. मग आजींनी बघितलं, साहेब सोफ्यावर बसून कार्टून बघत नुसता हात हलवत होते. शॉर्टकट बापाने काढला, पोराने त्याच्यापुढचा काढला.

एकदम गड. पाच दिवस लिफ्ट आणि स्कूल बस, आणि रविवारी सहा वर्षांच्या पोराला आतकरवाडीतून चालत सिंहगड. आम्ही केलंय हे. निम्म्यात खांद्यावर घ्यावं लागलं, वर दही आणि कांदाभजी खाऊन जरा हसला, पण नंतर दोन वर्षं गड म्हटलं की पोटात दुखायचं त्याच्या. आधी चार महिने जिने चढवा, मग टेकडी, मग सिंहगड. पण एवढा धीर कुणाला असतो! लोक मला तिसऱ्या दिवशी विचारतात, वजन किती दिवसांत उतरेल? आठ वर्षांच्या पोरासमोर. कृपा करून पोरासमोर वजन हा शब्दच काढू नका.

टाच दुखते म्हटलं की बहाणा समजणं. साधारण ८ ते १४ वयात टाचेचं वाढणारं हाड कोवळं असतं, खूप पळून-उड्या मारून ते खरंच दुखतं. थोडे दिवस पळणं कमी करा, कडक सपाट चपला बंद, आणि लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. "काही होत नाही, पळ" करू नका.

पाऊस. चार महिने पोरं घरात कोंडायची नसतात. आम्ही पार्किंगमध्ये दोरीउड्या घेतो, गाड्या हलवायला लोक कुरकुरतात, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

आणि ढकलणं. जे पोरगं खेळायला येत नाही त्याला हाताला धरून मधे उभं करणं, "जा ना, बघ सगळे खेळतात", आणि वर सगळ्यांसमोर "हा असाच आहे लाजाळू". मी काय करते, त्याला काम देते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी यायची, पायरीवर बाटली मांडीत घेऊन बसायची, बस. मी तिला लगोरीचं खातं दिलं. कुणाच्यातरी बाथरूमच्या कामातून उरलेले फरशीचे सात तुकडे आहेत आमच्याकडे, ते मोठ्यावर लहान असे नीट रचायचे, एवढंच. दहा-बारा दिवस तिने फक्त रचले, इतके सरळ की बाकीचे चिडायचे, पटकन रच ना म्हणून. मग एकदा लगोरी फुटली, चेंडू नेमका तिच्या पायाशी आला, सगळे ओरडले मार मार, आणि तिने उचलून मारला. लागला नाही कुणालाच, गाडीखाली गेला, आणि तो काढायला तीच पालथी पडून आत घुसली, फ्रॉकला ऑइल लागलं. आई काय म्हणेल म्हणून मलाच धडधड. आता रोज सहाच्या आधी माझी बेल वाजवते आणि आल्या आल्या भांडण काढते की काल तुम्ही चीटिंग केली, सातवा तुकडा पडला होता.