हॉल मोजला, जिना राहिला: स्वस्तात मोठा सोफा घेताना या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागात माझं सोफा दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. नवा सोफा मी विकत नाही, त्यामुळे मला कोणाच्या गळ्यात काही मारायचं नाही. लोकांनी हौसेनं आणलेले सोफे दोन-तीन वर्षांत माझ्या दुकानात उताणे पडतात आणि मी त्यांची पोटं फाडतो. बावीस वर्षं हेच करतोय. एवढ्या वर्षांत लोकांच्या चुका तसूभर बदलल्या नाहीत, कापडाचे रंग तेवढे बदलले. आधी सगळ्यांना मरून पाहिजे होता, आता सगळ्यांना राखाडी पाहिजे.

हॉल मोजता, जिना काहून नाही मोजत?

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक ही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर रात्री साडेनऊला फोन आला. मनीषनगरातली चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारं नवरा-बायकोचं जोडपं. "दादा, सोफा जिन्यात अडकून राहिला. वरही जात नाही न खालीही येत नाही."

मी पोचलो तेव्हा टेम्पोवाली पोरं "आमचं भाडं गेटपर्यंतच होतं" म्हणून पैसे घेऊन पसार झालेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर साडेसात फुटी सोफा तिरपा पडलेला. एक हात कठड्यात घुसलेला, पाठ भिंतीत रुतलेली, पुट्टीवर हातभर ओरखडा. इमारतीला लिफ्ट होती, पण साडेसात फुटांची वस्तू सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ना आडवी मावते ना उभी. शेजारच्या काकूंना औषध आणायला खाली जायचं होतं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, सोफ्यावर चढल्या, गादीवरून दोन पावलं टाकली आणि पलीकडे उतरल्या. उतरल्यावर वळून म्हणाल्या, "मऊ आहे हो."

नवरा बिचारा मला टेप दाखवत होता. "भाऊ, हॉल बरोबर मोजला होता. सोळा बाय बारा. जागा भरपूर आहे." जागा असेल हो, पण सोफा हॉलमध्ये उगवत नाही, जिन्यातून येतो.

मी खालचं काळं कापड सोडवलं, पिना उपटल्या आणि आरीनं दोन्ही हात कापून वेगळे केले. काकूंच्या नातवानं मोबाइलचा उजेड धरला. हात कापताना आरी लाकडात अडकेल अशी तयारी ठेवली होती, ती लोण्यात गेल्यासारखी गेली. आत पुठ्ठा होता. बैठकीची चौकट पॅकिंगच्या पेटीच्या फळ्यांची, आणि एका फळीवर 'ही बाजू वर' सांगणारा छापील बाण तसाच शाबूत. तो बाण खाली तोंड करून बसवला होता. रात्री एकला सोफा घरात गेला. दुसऱ्या दिवशी मी हातांच्या आत लाकडाचे ठोकळे भरले आणि ते बोल्टनं परत जोडून दिले. चोवीस हजारांचा सोफा, वर माझी मजुरी, वर घरमालकाच्या भिंतीची पुट्टी.

तर माझी सवय सांगतो. पुस्तकी नाही, पण आजवर फसलो नाही. सोफ्याच्या लांबीएवढी सुतळी कापा. घरातली दोन माणसं दोन टोकं ताणून धरा आणि गेटपासून हॉलपर्यंत चाला. जिथे सुतळी भिंतीला लागून वाकली तिथे सोफा अडणार. मग सोफ्याच्या पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतच्या मापाएवढा, म्हणजे साधारण तीन फुटांचा पुठ्ठा घेऊन तोच फेरा मारा. दार मोजताना भिंतीतली मोकळी जागा मोजू नका, दार उघडून चौकटीच्या आतून मोजा. साडेतीन फुटी दाराची चौकट आणि फळी वजा केली की हातात सव्वातीन फूटही राहत नाहीत. बाहेर जाळीचं दार असेल तर आणखी कमी. आणि शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट मोजायला विसरू नका, ते कोणी हलवत नाही.

मोठा सोफा पाहिजेच असेल तर तुकड्यांचा घ्या. एल आकाराचे बहुतेक सोफे दोन भागांत येतातच, पण त्यातला लांब भागही सात फुटांचा असू शकतो. "हात सुटतात का, पाठ सुटते का" हे दुकानात विचारा आणि सोडवून दाखवायला सांगा. "हो हो, सगळं होते न भाऊ" यावर पैसे देऊ नका.

एल घेताना लांब बाजू डावीकडे की उजवीकडे, हे सोफ्यावर बसून सांगायचं की सोफ्यासमोर उभं राहून, यात दर महिन्याला एक तरी घर फसतं. कागदावर हॉलचं चित्र काढा, दार आणि खिडकी दाखवा, दुकानदाराची सही घ्या. बस्स.

"चाळीस डेन्सिटी आहे" म्हणे

दुसरी चूक म्हणजे दोन मिनिटं बसून "वा, मऊ आहे" म्हणणं. नवा फोम कसाही असला तरी मऊच लागतो. तो सहा महिन्यांनी उठून वर येतो का, हा प्रश्न आहे.

डेन्सिटी म्हणजे घट्टपणा नव्हे, हे आधी समजून घ्या. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा म्हणजे डेन्सिटी. चाळीसचा फोम मऊ असू शकतो, अठ्ठावीसचा टणक असू शकतो. त्यामुळे बोटानं दाबून काही कळत नाही. वजनानं कळतं. दोन फूट बाय दोन फूट, पाच इंच जाडीची गादी घ्या. चाळीसचा फोम असेल तर तिचं वजन एक किलो नऊशे ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. बत्तीसचा असेल तर दीड किलो. वरचं कापड दोन-तीनशे ग्रॅम वेगळं धरा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा मिळतो ना, तो मी खिशात ठेवतो. दुकानात चेन उघडून फोम बाहेर काढायचा आणि लटकवायचा. फोम एक किलो शंभर भरला म्हणजे तेवीस डेन्सिटी. आकडा वाचून दाखवला की चाळीस-चाळीस म्हणणारा माणूस एकदम चहा मागवतो.

यातही एक गोम आहे. कातरणीचे तुकडे चिकटवून केलेला फोम, ज्याला बाजारात रिबॉन्डेड म्हणतात, तो खूप जड असतो, म्हणजे काट्यावर पास होतो. डोळ्यांनी मात्र लगेच ओळखू येतो, कारण त्यात निळे, पिवळे, गुलाबी ठिपके दिसतात. खाली आधाराला तो चालतो, पण संपूर्ण बैठक त्याचीच असेल तर ती बाकासारखी लागेल. आणि गादीला चेनच नसेल, सगळं शिवून बंद असेल, तर तो सोफा मी तिथेच सोडून देतो. आत बघू देत नाही याचा अर्थ मला कळतो.

फोम बघून झाला की सोफा उलटा करायला सांगा. नव्या गिऱ्हाईकांना याची लाज वाटते. राजेहो, वीस-पंचवीस हजार मोजताना लाज कसली? काळ्या कापडावरून हात फिरवा. आत झिगझॅग स्प्रिंग आहेत की नुसते रबरी पट्टे, ते हाताला लागतं. पट्टे असतील आणि दोन पट्ट्यांमधून मूठ आरपार जात असेल तर वर्षभरात बैठकीला खड्डा पडणार. मग सोफा सरळ करून पुढचा एक पाय वीतभर उचला. पुढचा दुसरा पायही लगेच उचलला गेला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर चौकट पिळते आहे, पावसाळ्यानंतर करकर सुरू.

"आत सागवान आहे" हे ऐकलं की मला हसू येतं. आपल्या नागपुरी सागाचं नाव मोठं आहे, दिल्लीच्या नव्या संसद भवनातही तो लागला. तो तुमच्या पंचवीस हजारांच्या सोफ्यात फोमखाली कोण लपवेल? स्वस्त सोफ्याला सागाची गरजही नाही. नीट वाळवलेलं साल किंवा बाभूळ पुरतं. फळ्यांऐवजी भुशाचा बोर्ड असेल तर मात्र नको, फरशी पुसतानाचं पाणी पिऊन तो पावासारखा फुगतो.

कूलर आणि रेक्झिन

रेक्झिन पुसायला सोपं म्हणून घेतात. मेमध्ये पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी उठताना पाठ सोफ्यावर राहते. त्यावर उपाय म्हणून कूलरचं तोंड सोफ्याकडे करतात. तीन महिने तो ओला वारा खाल्ला की स्वस्त रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागतात, मुलांच्या कपड्यांना चिकटतात, आणि ते दुरुस्त होत नाही, सरळ बदलावं लागतं. नागपुरात जाड विणीचं कापड घ्या. कूलरचा झोत थेट सोफ्यावर नको. बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, पाय किमान चार इंच उंच असू द्या. खाली झाडू गेला पाहिजे, म्हणजे उधई लागली तर वेळेवर दिसेल.

पांढरा किंवा फिका रंग: ज्या घरात सावजी रस्सा शिजतो त्या घरात नको.

बिलाशिवाय घेणं: सोफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवायच्या नादात वॉरंटीही वाचते, दुकानदाराची.

सोफा-कम-बेड रोज बेड म्हणून वापरायला घेणं: नको. पाहुण्यांपुरता ठीक.

घाई

परवा साखरपुडा आहे, उद्या सोफा पाहिजे. असं गिऱ्हाईक आलं की कारागीर मनातल्या मनात नाचतो. दसरा ते दिवाळी कारखान्यात रात्रपाळी चालते, पावसानं ओलावलेलं लाकूड तसंच ठोकलं जातं, आणि माझा धंदा मार्च-एप्रिलमध्ये त्यावर चालतो. मी स्वतः सोफा बनवायला टाकला तो पितृपक्षात. घरच्यांनी आठ दिवस तोंड फुगवलं, पण दुकानात मी एकटा होतो, भाव माझा होता आणि कारागिराला वेळ होता. पितृपक्ष पटत नसेल तर दिवाळीनंतर या, पण बयाणा देऊन बनताना एकदा तरी जाऊन बघा. कापड चढायच्या आधी चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. फोटो काढणाऱ्याच्या सोफ्यात पुठ्ठा जात नाही, हा माझा अनुभव.

शेवटचे तीन-चार हजार घरी सोफा बसल्यावरच द्या. आणि टेम्पोवाल्याशी "कितव्या मजल्यावर, जिन्यानं" हे आधी बोला.

त्या मनीषनगरच्या पोराचा गेल्या महिन्यात फोन आला. घर बदलताहेत, आता बेस्याला, दुसरा मजला. "दादा, ते हात काढायला कधी येता?" म्हटलं, येणार नाही असं म्हणत नाही, पण तेरा नंबरचा पाना असेल तर तुझा तूच काढशील. बोल्ट मी बाहेरून दिसतील असेच ठेवले होते.