मातीस यांच्या पद्धतीने कागदी कोलाज करण्यापूर्वी

फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्या पद्धतीने कोलाज, म्हणजे कातरलेले कागद चिकटवून केलेले चित्र, करायचे असेल, तर तयारी आदल्या दिवशी दुपारीच सुरू करावी. कारण या कामात रंगीत कागद विकत आणायचा नसतो, तो आपण रंगवून घ्यायचा असतो. १९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस यांना फार वेळ उभे राहून चित्र रंगवणे अवघड झाले. तेव्हा मदतनीस पांढऱ्या कागदांवर ग्वाश या दाट, अपारदर्शक जलरंगाचे हात देत आणि मातीस खुर्चीत किंवा अंथरुणात बसून, पुष्कळदा आधी न रेखता, थेट कात्रीने आकार काढत.

चौघांसाठी कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाचे सहा पूर्ण ताव पुरतात. मुंबईत ते दादरला किंवा अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळतील. मात्र पावसाळ्यात गुंडाळीला प्लास्टिक लावूनच लोकलमध्ये चढावे. तयार घोटीव कागदाचा मोह टाळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्याचा रंग सर्वत्र एकसारखा असतो, तर मातीस यांच्या कागदांवर कुंचल्याचे फराटे दिसतात आणि त्यांनीच रंग जिवंत राहतो. ग्वाशऐवजी पोस्टर कलर चालतील. रंग ताकासारखा पातळ न करता बासुंदीइतका दाट ठेवावा आणि इंचभर रुंदीच्या चपट्या कुंचल्याने लावावा. निळा, केशरी, हिरवा, राणी, पिवळा आणि काळा एवढे रंग पुरेत. मुंबईच्या दमट हवेत ताव वाळायला वेळ लागतो आणि कडा वळतात, म्हणून ते पंख्याखाली पूर्ण वाळवून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत, जड पुस्तकांखाली दाबून ठेवावेत.

कात्री लांब पात्याची आणि धारदार हवी. मुलांसाठी बोथट टोकाची. वळण घेताना कात्री न फिरवता कागद फिरवावा, आणि हा सराव आधी रद्दीवर करून घ्यावा.

आकारांसाठी छापील नमुने जमवू नयेत. १९३० मधील ताहितीच्या प्रवासात पाहिलेली प्रवाळे व समुद्री वनस्पती मातीस यांच्या १९४६ च्या ‘ओशनिया’ या कलाकृतींत उतरली, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली होती. आपण निदान सकाळी राणीच्या बागेत एक फेरी मारावी, गळलेली बदामाची व चाफ्याची पाने हातात घेऊन पाहावीत आणि कातरताना ती समोर ठेवू नयेत.

चिकटवण्याची घाई करू नये. १९५३ मधील ‘गोगलगाय’ या पावणेतीन मीटरहून मोठ्या चौरस कलाकृतीचे तुकडेही आधी टाचण्यांनी लावले होते व नंतर चिकटवले गेले. आपल्या इमारतींच्या काँक्रीटच्या भिंतीत टाचणी जात नाही, त्यामुळे मोठ्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून भिंतीला टेकवावा, त्यावर पांढरा कागद लावावा आणि तुकडे टाचून, हलवून, शक्य तर एक रात्र तसेच राहू द्यावेत. फेविकॉल अगदी पातळ थराने लावावा, कारण जास्त झाल्यास कागद सुरकुततो. घरी केलेली खळ मला आवडते, पण तिला कसर लागते.

शेवटी एक मोठे पाकीट जवळ ठेवावे. पान कातरल्यावर उरलेल्या कागदात त्याच पानाची पोकळी असते आणि मातीस असे उरलेले भागही रचनेत वापरत. म्हणून केर काढण्यापूर्वी जमिनीवरचे सर्व तुकडे त्या पाकिटात जमा करावेत.