जपानी शिकताना उत्साह का आटतो? सुरुवातीच्या या चुका टाळा

जपानी शिकायला लागलेल्या बहुतेक मुलामुलींचा पहिला महिना एकदम भारी जातो. रोज नवीन अक्षरं, आवडत्या अ‍ॅनिमेतला एखादा शब्द अचानक कळतो, वहीवर स्वतःचं नाव जपानीत लिहून बघायचं वगैरे. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुठेतरी वही उघडायचाच कंटाळा यायला लागतो आणि मुलं लगेच ठरवून टाकतात की आपल्यात चिकाटीच नाही. मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा काहीतरी एका ठरावीक जागी अडलेलं असतं, आणि नक्की काय अडलंय ते कळत नसल्यामुळे अख्खी भाषाच अवघड वाटायला लागते. ती जागा सापडली ना, की अभ्यास परत सुरू होतो, त्यासाठी कुठलं मोटिव्हेशनल भाषण ऐकावं लागत नाही. म्हणून खाली ज्या चुका सांगतेय त्या वाचताना आपली गाडी यातल्या नक्की कुठल्या चुकीपाशी थांबलीय एवढं फक्त शोधा.

अक्षरं टाळून पुढे पळणं

हिरागाना आणि काताकाना या जपानीतल्या दोन उच्चारी लिप्या. हिरागानाची 46 मूळ अक्षरं आणि काताकानाची 46, एवढं ऐकूनच बरेच जण म्हणतात आधी बोलायला शिकू, लिपीचं नंतर बघू. मग सगळं रोमन अक्षरांत किंवा देवनागरीत लिहून घेणं सुरू होतं. देवनागरीत तर आपल्याला वाटतं की उच्चार अगदी परफेक्ट उतरतोय, आणि तिथेच गोची होते. आपल्याकडे ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहायची सोयच नाही. जपानीत 'कोको' म्हणजे इथे, आणि दोन्ही ओ लांबवून म्हटलेलं 'कोऽकोऽ' म्हणजे ज्युनियर कॉलेजच्या वयाची मुलं जातात ती शाळा. वहीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं आणि महिनाभराने वाचताना तुम्हाला स्वतःलाच कळत नाही की यातलं कुठलं.

उपाय साधा आहे. पहिले दोन-तीन आठवडे फक्त हिरागाना, रोज पाच-सहा अक्षरं, हाताने लिहून. ती बसली की काताकाना, आणि त्यानंतर वहीत रोमन अक्षर दिसताच कामा नये. सुरुवातीला वाचायचा स्पीड इतका कमी असतो की रडू येईल, पण तो फक्त वाचूनच वाढतो, दुसरा मार्ग नाही.

काताकानात चार अक्षरं सगळ्यांनाच छळतात: शि, त्सु, सो आणि न. बघत बसून ती वेगळी दिसत नाहीत, लिहून होतात. शि आणि न यांची लांब रेघ खालून वर जाते, त्सु आणि सो यांची वरून खाली येते. स्ट्रोकची दिशा हाताला कळली की डोळ्यालाही आपोआप कळायला लागतं, म्हणून स्ट्रोक ऑर्डरचा कंटाळा करू नका.

उच्चार 'चालतोय की' म्हणून सोडून देणं

मराठी बोलणाऱ्याला जपानी उच्चार बरेचसे आयतेच मिळतात. त्सु म्हणताना बाकीच्या देशांतली मुलं अडखळतात, आपल्याकडे 'चूक' म्हणताना जो चू येतो तो त्याच्या अगदी जवळ आहे. जोडाक्षरांचंही तसंच, 'किते' म्हणजे ये आणि 'कित्ते' म्हणजे काप, यातला त आणि त्त आपल्या कानाला सहज वेगळा कळतो.

पण लांबी मात्र आपण खातो. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, आणि जपानीत त्याने अर्थच बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी, काकू, आत्या यांच्यापैकी कोणीही आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीऽरु' म्हणजे बिअर. यावर एकच औषध, छोटी ऑडिओ घ्या, एक वाक्य ऐका, लगेच त्याच वेगात मोठ्याने म्हणा, आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून शेजारी शेजारी लावून ऐका. रोज पाच मिनिटं बास. स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला लाज वाटते पण फरक याच्यानेच पडतो, आणि आठवडाभरात फरक ऐकू आला की मजाही यायला लागते.

इंग्रजीच्या चष्म्यातून ग्रामर बघणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते कारण हिच्यामुळे सोपी गोष्ट उगाच अवघड होते. बहुतेक व्हिडिओ आणि अ‍ॅप इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेली असतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषाशाळा आहे ती इंग्रजी बोलणाऱ्यांना जपानी शिकायला साधारण 2200 तास लागतात असं धरते, आणि हा आकडा वाचून आपली मुलं घाबरतात. अहो पण तो हिशोब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे! कांजी (चिनीतून आलेली, अर्थ सांगणारी अक्षरं) आपल्यालाही तेवढीच नवी, ते खरं, पण वाक्याची रचना नाही. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे छोटे शब्द, 'पासून'ला कारा, 'पर्यंत'ला मादे, हे आपण रोजच बोलतो.

'मी मित्राला भेटतो' हे घ्या. जपानीत 'तोमोदाचि नि आइमास'. इंग्रजीतून विचार करणारा हमखास इथे 'नि'च्या जागी 'ओ' (कर्माला लागणारा छोटा शब्द) लावतो आणि चुकतो, मराठीतून विचार केला तर 'ला' तिथे आहेच. 'मला जपानी कळतं' म्हणजे 'निहोंगो गा वाकारिमास', तिथेही 'गा' लागतो तो 'जपानी'ला, 'मी'ला नाही, म्हणजे आपल्यासारखंच. 'वा' आणि 'गा' या दोन छोट्या शब्दांमधला फरक पुढे बराच काळ त्रास देतो, पण निदान सुरुवात तरी आपल्या भाषेतून करा.

आता उलटं पण सांगते, मराठी प्रत्यय डोळे मिटून चिकटवले तरी पडायला होतं. 'शाळेत आहे' आणि 'शाळेत अभ्यास करतो' या दोन्हींत आपला एकच 'त', जपानीत मात्र पहिल्याला 'गाक्कोऽ नि इमास' आणि दुसऱ्याला 'गाक्कोऽ दे बेन्क्योऽ शिमास'. नुसतं असणं असेल तर नि, तिथे काही घडत असेल तर दे. असे पार्टिकल, म्हणजे हे मागून चिकटणारे छोटे शब्द, सुटे पाठ करू नका, क्रियापदासकट अख्खं छोटं वाक्य पाठ करा, मग परीक्षेत विचार करत बसावं लागत नाही, कानाला चुकीचं वाटतं आणि कळतं.

ते-फॉर्मपाशी बंद पडणं

ज्यांनी जपानी सोडली त्यांना विचारा कुठे सोडली, बऱ्याच जणांचं उत्तर ते-फॉर्मच्या, म्हणजे क्रियापदाच्या शेवटी ते किंवा दे येणाऱ्या रूपाच्या, आसपासचं निघेल. तोपर्यंत मास-मास (क्रियापदाचं सभ्य रूप) करत मस्त चाललेलं असतं आणि अचानक एक तक्ता समोर येतो: नोमुचं नोन्दे, काकुचं काइते, मात्सुचं मात्ते, हानासुचं हानाशिते, आणि वर इकुचं इइते न होता इत्ते. त्यात काएरु दिसायला ताबेरुसारखं, पण ताबेरुचं ताबेते होतं आणि काएरुचं काएत्ते.

तक्ता एका रात्रीत गिळायचा प्रयत्न केला की तो दुसऱ्या दिवशी जातो. त्यापेक्षा रोज पाचच क्रियापदं घ्या, प्रत्येकाची 'कुदासाइ' लावून एक विनंती करा, 'मात्ते कुदासाइ', 'काइते कुदासाइ', घरात मोठ्याने बोला, कोणाला कळलं नाही तरी चालेल. एक प्रकार पक्का झाला की पुढचा. याला तीन आठवडे लागले तर लागू द्यात, कारण पुढचं अर्धं ग्रामर याच्यावर उभं आहे: करतोय, करून झालं, केलं तर चालेल का, सगळं. इथे घाई केली की पुढचा प्रत्येक धडा अवघड जातो आणि वाटतं आपल्यालाच जमत नाही.

कांजीची यादी पाठ करणं

एक कांजी, तिची सगळी ओन वाचनं (चिनीवरून आलेले उच्चार), सगळी कुन वाचनं (मूळ जपानी उच्चार), अर्थ, असं टेबल करून रट्टा मारणारी मुलं खूप मेहनती असतात आणि नेमकी तीच सगळ्यात आधी थकतात. जन्म-जीवन या अर्थाची एक कांजी आहे, ती सेन्सेइमध्ये (शिक्षक) सेइ वाचली जाते, इकिरुमध्ये (जगणं) इ, उमारेरुमध्ये (जन्मणं) उ, आणि एकटी असली की नामा, म्हणजे कच्चं किंवा ताजं. ही सगळी वाचनं एकदम कोणाच्या लक्षात राहणार? जपानी मुलंही असं शिकत नाहीत. शब्द शिका, त्या शब्दात कांजी कशी वाचतात तेवढंच लक्षात ठेवा, पुढच्या शब्दात दुसरं वाचन आपसूक भेटेल.

आणि घाई कसली? जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी 2136 आहेत. तिथल्या प्राथमिक शाळेत सहा वर्षांत मिळून 1026 शिकवतात आणि पहिलीत फक्त 80. ही मुलं जन्मापासून तीच भाषा बोलतायत, तरी त्यांना पहिल्या वर्षी 80! तुम्ही शाळा-कॉलेज सांभाळून वर्षाला दोनशे केल्यात तर तो खूप चांगला वेग आहे.

अ‍ॅनिमेतली भाषा जशीच्या तशी उचलणं

अ‍ॅनिमे बघा, भरपूर बघा, त्याच्यामुळेच तर अर्धे लोक या भाषेकडे वळतात आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त 'ओरे' (रांगडं 'मी'), 'ओमाए' आणि 'तेमे' (दोन्ही 'तू') हे तोंडात बसू देऊ नका, अनोळखी माणसाला किंवा शिक्षकांना ओमाए म्हणणं म्हणजे सरळ अरे-तुरे, तेमे तर त्याहून वाईट. 'आनाता'सुद्धा 'तुम्ही' म्हणून सर्रास वापरू नका, नाव माहीत असेल तर नाव आणि पुढे सान (मान द्यायला लावतात तो शब्द). स्वतःच्या नावाला मात्र सान कधीच लावायचं नाही. सुरुवातीला देस-मास वाली भाषा धरून ठेवा, तिने कोणाचाही अपमान होत नाही.

दुसरं म्हणजे सबटायटल लावून तीन तास बघितलं म्हणजे तीन तास लिसनिंग झालं असं नाही, तो वेळ बहुतेक वाचण्यात गेलेला असतो. दोन मिनिटांचा तुकडा घ्या, आधी सबटायटल बंद करून ऐका, मग चालू करून, मग परत बंद.

फ्लॅशकार्डांचा डोंगर

अ‍ॅपमध्ये रोज 30 नवीन कार्ड लावली, परीक्षा आली, दहा दिवस उघडलं नाही, आणि आता 600 पेंडिंग दिसतायत. हे बघून अ‍ॅपच डिलीट करणारे कितीतरी जण आहेत. डिलीट करू नका! नवीन कार्ड शून्यावर आणा, रोजची मर्यादा 40-50 ठेवा आणि जुनी संपेपर्यंत तेवढंच करा. नंतर रोज सात-आठ नवीन पुरे, दहाच्या वर जाऊच नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं, म्हणून रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त कामाची. शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत ती वीसची पाच करा पण शून्य करू नका. आणि स्ट्रीक (सलग किती दिवस केलं तो आकडा) तुटली तर तुटली, अ‍ॅपमधल्या आकड्यासाठी शिकत नाही आहोत आपण.

अ‍ॅप बदलत राहणं हाही असाच रोग. प्रत्येक नवीन अ‍ॅप परत हिरागानापासून सुरू होतं, त्यामुळे प्रगती होतेय असं वाटतं पण आपण धडा एकवरच फिरत राहतो. एक पुस्तक, एक फ्लॅशकार्ड अ‍ॅप, ऐकायला एक काहीतरी, आणि पुस्तक संपेपर्यंत बदल नाही.

परीक्षेलाच सगळं समजणं, किंवा ती पूर्ण टाळणं

जेएलपीटी, म्हणजे जपानीची प्रमाणपत्र परीक्षा, तिचं एक चांगलं आहे की तारीख ठरलेली असते, जुलै आणि डिसेंबर, काही ठिकाणी वर्षातून एकदाच. फॉर्म काही महिने आधीच बंद होतात, म्हणून आपल्या केंद्राची तारीख आत्ताच बघून ठेवा. एन5, म्हणजे तिची सगळ्यात सोपी पातळी, एकूण 180 मार्कांची, पास व्हायला 80 लागतात. पण इथे बरेच जण फसतात: लिसनिंगच्या 60 पैकी किमान 19 आणि बाकीच्या 120 पैकी किमान 38 वेगळे मिळवावे लागतात. म्हणजे शब्द आणि ग्रामरमध्ये 110 मिळाले आणि लिसनिंगला 15, तर नापास. ऑडिओ एकदाच वाजते, परत ऐकवत नाहीत, त्यामुळे सरावातही एकदाच ऐकून उत्तर लिहायची सवय लावा.

आणि या परीक्षेत बोलणं नसतंच, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. त्यामुळे सर्टिफिकेट हातात आहे पण स्वतःची ओळख करून देता येत नाही, असं सहज होतं, आणि तेव्हा जो धक्का बसतो त्यानेही काही जण सोडून देतात. आठवड्यातून दोनदा तरी दिवसभरात काय केलं ते चार वाक्यांत मोठ्याने सांगा, सोबत शिकणारं कोणी असेल तर त्याला, नसेल तर रेकॉर्डरला. अडेल तो शब्द लिहून ठेवा आणि नंतर शोधा, तुमच्या फ्लॅशकार्डात आधी हेच शब्द जायला हवेत, तयार यादीतले नंतर.

इंटरनेटवर 'सहा महिन्यांत एन2' (एन5पेक्षा बरीच वरची पातळी) वाले व्हिडिओ येत राहतील. त्या माणसाला दिवसाचे किती तास मोकळे होते, आधी काय येत होतं, ते त्यात दिसत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना करू नका. करायचीच असेल तर पहिल्या महिन्यातलं तुमचं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तेच वाक्य परत म्हणून त्याच्या शेजारी लावून ऐका.