मधलं पद तपासल्याशिवाय कंस लिहू नका

सोलापूरच्या पूर्व भागात मी आठवी ते दहावीची गणिताची शिकवणी घेते. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या मराठी, पण नवी मुलं आली की वहीत चूक सगळ्यांची एकच: (अ + ब)² = अ² + ब². यावर सूत्र दहा वेळा लिहून काढण्यात अर्थ नाही. त्यात आकडे घाला. ३ आणि ४ घेतले तर ७ चा वर्ग ४९, आणि ९ + १६ होतात २५. राहिलेले २४ म्हणजे २ × ३ × ४.

हे डोळ्यांनी बघायचं तर आपल्या गावात नॅपकिनला काय तोटा! चौरस नॅपकिन एका बाजूने चार बोटं दुमडा, लगतच्या बाजूनेही तेवढाच दुमडा आणि उलगडा. घड्यांच्या रेषांत एक मोठा चौरस, एक छोटा चौरस आणि दोन सारख्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्या म्हणजेच २अब, सूत्रातलं मधलं पद: (अ + ब)² = अ² + २अब + ब².

अवयव पाडताना, म्हणजे राशी कंसांच्या गुणाकारात लिहिताना, हेच उलट करायचं, आणि घोळ होतो तो इथेच. ९क्ष² + ३०क्ष + २५ मध्ये टोकांची वर्गमुळं ३क्ष आणि ५. त्यांच्या गुणाकाराची दुप्पट ३०क्ष. जुळलं, म्हणून (३क्ष + ५)². आता क्ष² + १३क्ष + ३६ बघा. दोन्ही टोकं वर्ग आहेत, म्हणून घाईघाईत (क्ष + ६)² लिहिलं जातं. पण दुप्पट येते १२क्ष! ही त्रिपदी, म्हणजे तीन पदांची राशी, पूर्ण वर्ग नाही; ती एकाच कंसाचा वर्ग होत नाही. अवयव मात्र पडतात, (क्ष + ४)(क्ष + ९). पेपर काढणाऱ्याला असली राशी दिल्याशिवाय चैन पडत नसावं.

मधलं पद उणे असेल तर कंसात वजाबाकी. पहिलं पद अधिक आणि शेवटचं उणे असेल तर पूर्ण वर्गाचा नाद सोडा. १८क्ष² + ६०क्ष + ५० सारखं काही आलं तर आधी सामाईक २ बाहेर काढा, आत वरचीच राशी सापडेल.

भरतीची तयारी करणाऱ्यांनाही हे उपयोगी: ९८² म्हणजे (१०० − २)², तोंडी ९६०४.

दहावीत वर्गसमीकरणाच्या पूर्ण वर्ग पद्धतीत हेच पुन्हा भेटतं. क्ष² + १०क्ष + २१ = ० मध्ये १० चे निम्मे ५, त्याचा वर्ग २५. आपल्याकडे २१ आहेत, म्हणून दोन्ही बाजूंत ४ मिळवले की (क्ष + ५)² = ४. इथे वर्गमूळ २ आणि उणे २ असं दोन्ही घ्या. उत्तरं −३ आणि −७.